विश्लेषण : इंटरनेटचे आकडे एकहाती सांभाळणारे जॉन पोस्टेल कोण होते? त्यांच्या निधनानंतर ‘किल्ल्या’ कोणाकडे गेल्या?

मोबाइलवर एखादी बातमी उघडायला एक सेकंदही लागत नाही. पण तेवढ्या वेळात फोन बरीच कामे उरकतो. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांतला पत्ता शोधतो, त्या पत्त्यावरच्या ४४३ क्रमांकाच्या ‘दारावर’ टकटक करतो, दोन्ही बाजूंची ओळख पटली की मजकूर तुकड्यातुकड्यांनी मागवतो आणि ते तुकडे क्रमाने जोडून पडद्यावर दाखवतो. हा पत्ता कोणी दिला, दाराचा क्रमांक कोणी ठरवला आणि तुकड्यांवर काय लिहायचे याचा नियम कोणी नोंदवून ठेवला, या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरात एक नाव येते. ते म्हणजे जॉन पोस्टेल. जवळपास ३० वर्षे इंटरनेटचा हिशेब त्यांनी सांभाळला. संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातले नेटवर्किंगचे अर्धे प्रकरण त्यांच्या आयुष्यातून उलगडते. नेटवर्क सुरक्षा हा वेगळा विषय का झाला, तेही त्यातूनच कळते.

कोण होते पोस्टेल?

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. पुढे इंटरनेटच्या इतिहासात गाजलेले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. तिघे खऱ्या अर्थाने एकत्र आले ते मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस संकुलात, म्हणजे ‘यूसीएलए’मध्ये. पोस्टेल यांनी तिथून १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील पीएचडी मिळवली.

विद्यार्थिदशेत ते प्रा. लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांतून उभ्या राहणाऱ्या ‘अर्पानेट’चे पहिले केंद्र याच प्रयोगशाळेत होते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी इथून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकाला पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. लांब दाढी, पायांत सँडल आणि सुट्टी मिळाली की सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकंती, असे पोस्टेल यांचे रूप होते. सूट-टायच्या बैठकांपेक्षा त्यांना आपले टेबल आणि कागद अधिक प्रिय होते.

‘आरएफसी’ ही काय भानगड?

अर्पानेट उभे राहत असताना वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगळ्या धाटणीचे संगणक एकमेकांशी बोलणार कसे, याचे नियम तयार नव्हते. ते ठरवायचे काम मुख्यतः विद्यार्थ्यांवर येऊन पडले. वरिष्ठांना आगाऊपणा वाटू नये म्हणून क्रॉकर यांनी या टिपणांना हुकूम किंवा मानक न म्हणता ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे अभिप्रायासाठी विनंती, असे नम्र नाव दिले. पहिले टिपण एप्रिल १९६९ मधले. हीच ती ‘आरएफसी’ मालिका.

या मालिकेचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले आणि मृत्यूपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. तोवर टिपणांची संख्या २४०० च्या पुढे गेली होती आणि त्यांतल्या दोनशेहून अधिक टिपणांवर लेखक किंवा सहलेखक म्हणून त्यांचे नाव होते. पण संपादक म्हणून त्यांनी जे केले ते अधिक मोलाचे ठरले. मसुदा संदिग्ध असेल तर तो परत जाई. एखादा नियम वाचून दोन अनोळखी माणसांनी दोन देशांत दोन प्रोग्रॅम लिहिले, तरी ते एकमेकांशी बोलू शकले पाहिजेत, ही त्यांची कसोटी होती. ही टिपणे कोणालाही फुकट वाचता येत. इंटरनेटचे तंत्र एका कंपनीच्या तिजोरीत अडकले नाही, याचे एक कारण हे आहे.

आकडे वाटायला माणूस कशाला हवा?

एका संगणकावर एकाच वेळी अनेक सेवा चालतात. ई-मेल, फाइलींची देवाणघेवाण, दूरच्या संगणकावर लॉगिन. आलेला संदेश कोणत्या सेवेसाठी आहे हे कळायला प्रत्येक सेवेला क्रमांक लागतो. इमारतीचा पत्ता एकच असला तरी फ्लॅटचे क्रमांक वेगळे असतात, तसेच हे. आज त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. प्रत्येकाने मनाला येईल तो क्रमांक वापरला तर गोंधळ ठरलेला. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एका टिपणातून सुचवले, की हे क्रमांक वाटायला एक मुखत्यार असावा आणि ते काम आपणच करू.

तेव्हा ही यादी एखाद्या वहीत मावेल एवढीच होती. पुढे फाइल हस्तांतरणाला २१, दूरस्थ लॉगिनच्या ‘टेलनेट’ला २३, ई-मेलला २५, नावांच्या सेवेला ५३, वेबला ८० आणि सुरक्षित वेबला ४४३ असे क्रमांक रूढ झाले. परीक्षेला विद्यार्थी पाठ करतात ती हीच यादी. मार्च १९७७ मध्ये पोस्टेल सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मरिना डेल रे येथील ‘इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट’मध्ये आले आणि वहीदेखील त्यांच्याबरोबर आली. १९८३ पासून जॉइस रेनॉल्ड्स या कामात त्यांच्या प्रमुख सहकारी होत्या. पुढे या कामाला ‘इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी’, थोडक्यात ‘आयाना’, असे भारदस्त नाव मिळाले. पण ते नाव म्हणजे प्रत्यक्षात पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी.

टीसीपी आणि आयपी वेगळे का झाले?

वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडण्याची मूळ कल्पना व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांची. त्यांच्या १९७४ च्या आराखड्यात सगळे काम एकाच प्रोटोकॉलकडे होते. ऑगस्ट १९७७ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी यावर स्पष्ट बोट ठेवले. पत्ता वाचून पाकीट पुढे ढकलणे हे एक काम आणि सगळी पाकिटे क्रमाने, न हरवता पोहोचली का हे पाहणे हे दुसरे. वाटेतल्या प्रत्येक नेटवर्कवर दोन्हींचा भार टाकू नये, असा त्यांचा आग्रह होता. ही विभागणी मान्य झाली.

म्हणून आज वाटेतला राउटर फक्त ‘आयपी’चा पत्ता पाहतो आणि पाकीट पुढच्या राउटरकडे सोपवतो. एखादे पाकीट हरवले, उलटसुलट क्रमाने आले किंवा दोनदा आले, तर ते निस्तरण्याचे काम दोन टोकांवरचा ‘टीसीपी’ करतो. व्हिडीओ कॉलसारख्या कामात हरवलेला तुकडा पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण तो येईपर्यंत संभाषण पुढे गेलेले असते. अशा कामासाठी हलकाफुलका ‘यूडीपी’ आहे. त्याचे तीन पानी टिपण पोस्टेल यांनीच ऑगस्ट १९८० मध्ये लिहिले. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपीची टिपणे त्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. आयपीच्या पत्त्याला ३२ बिट मिळाले, म्हणजे सुमारे ४३० कोटी पत्ते. तेव्हा ही संख्या कधी अपुरी पडेल असे फारसे कोणाला वाटले नव्हते.

जुन्या नियमांवरून नव्यावर जाण्याचा दिवस ठरला १ जानेवारी १९८३. त्याचा आराखडाही पोस्टेल यांनीच लिहिला होता. त्या दिवसापासून अर्पानेटवर टीसीपी-आयपी सक्तीचे झाले. आजच्या इंटरनेटचा जन्मदिवस म्हणून अनेक जण ही तारीख सांगतात.

‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट इन’ आले कुठून?

आकडे संगणकाला सोयीचे, माणसाला नावे. सुरुवातीला सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते असलेली एकच फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत कोलमडू लागली. पोस्टेल यांनी आपल्याच संस्थेतील पॉल मॉकापेट्रिस यांच्याकडे हा प्रश्न सोपवला. उपलब्ध प्रस्तावांत तडजोड घडवावी अशी अपेक्षा होती, मॉकापेट्रिस यांनी नवीच रचना आणली. १९८३ मध्ये आलेली ही ‘डोमेन नेम सिस्टीम’, म्हणजे डीएनएस.

ती झाडासारखी आहे. सर्वांत वर ‘रूट’, त्याखाली कॉम, ऑर्ग, ईडीयू यांसारखी नावे आणि देशांची दोन अक्षरी नावे, त्याखाली प्रत्येक संस्थेचे नाव. कोणत्याही एका संगणकाला सगळी यादी ठेवावी लागत नाही. प्रत्येक जण पुढचा पत्ता कोणाला विचारायचा एवढे सांगतो. देशांची अक्षरे ठरवताना पोस्टेल यांनी चतुराई दाखवली. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, या वादात न पडता त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची तयार यादी स्वीकारली. भारताच्या वाट्याला त्यातूनच ‘डॉट इन’ आले. १९८९ मध्ये ते नोंदले गेले. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते त्यानंतर सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

मग सुरक्षेच्या फटी कुठे राहिल्या?

हे सगळे उभे राहिले तेव्हा नेटवर्कवरची माणसे एकमेकांना ओळखत होती. विद्यापीठे, संशोधन संस्था आणि लष्करी प्रयोगशाळा. चोर घरात येईल अशी धास्ती नव्हती, तार तुटेल याची होती. त्यामुळे नियमांचा सगळा भर संदेश पोहोचवण्यावर राहिला आणि तो पाठवणारा खरा आहे का, हा प्रश्न बाजूला पडला.

पोस्टेल यांना हा धोका अजिबात दिसला नव्हता असे नाही. नोव्हेंबर १९७५ मध्येच त्यांनी नकोशा संदेशांवर एक टिपण लिहिले होते. एखादा बिघडलेला किंवा खोडसाळ संगणक संदेशांचा मारा करू लागला, तर घेणाऱ्याला ते नाकारण्याची सोय नेटवर्कमध्ये नाही, हे त्यांनी दाखवून दिले. स्पॅम आणि सेवा ठप्प करणारे हल्ले जगाच्या परिचयाचे होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तरीही ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांनीच लिहिलेल्या ई-मेलच्या नियमात, म्हणजे ‘एसएमटीपी’त, पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याची तरतूद नव्हती. पाकिटावर पाठवणारा म्हणून कोणाचेही नाव लिहिता येई. बँकेच्या नावाने येणाऱ्या बनावट मेलचे मूळ इथे आहे. ही फट बुजवण्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही ठिगळे पुढे जोडावी लागली.

आयपीचेही तसेच. पाकिटावरचा ‘प्रेषक’ खरा आहे का, हे राउटर तपासत नाही. टीसीपीत संभाषणाची सुरुवात तीन पायऱ्यांनी होते. एक बाजू हाक देते, दुसरी ओ देऊन तिच्यासाठी जागा राखून ठेवते आणि पहिली पुन्हा होकार कळवते. खोट्या पत्त्यांवरून हजारो हाका मारल्या आणि तिसरी पायरी गाळली, तर समोरचा सर्व्हर जागा राखून वाट पाहत बसतो आणि खऱ्या ग्राहकांना जागा उरत नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधील ‘पॅनिक्स’ या इंटरनेट सेवा कंपनीला अशाच माऱ्याने जेरीस आणले.

टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच तारेवरून जात असे. वाटेत कान लावून बसलेल्याला तो वाचता येई. फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीचा असाच प्रकार घडल्यावर तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ हा कूटबद्ध पर्याय लिहिला. २१ आणि २३ यांच्यामधला २२ क्रमांक मोकळा आहे हे पाहून त्यांनी तो आयानाकडे मागितला. जॉइस रेनॉल्ड्स यांनी दुसऱ्याच दिवशी तो देऊन टाकला. ना अर्जाचे शुल्क, ना समितीची बैठक. विश्वासावर चालणाऱ्या कारभाराचा हा फायदा.

पोस्टेल यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियमही या चर्चेत नेहमी येतो. आपण पाठवताना काटेकोर असावे, समोरच्याकडून आलेले स्वीकारताना उदार असावे, असा त्याचा आशय. १९८० च्या सुमारास तो फार उपयोगी ठरला. अर्धवट चुकांसह लिहिलेले प्रोग्रॅमही त्यामुळे एकमेकांशी बोलू शकले आणि इंटरनेट झपाट्याने पसरले. पण समोरचा चुकत नसून मुद्दाम वाकडे पाठवत असेल तर? उदारपणे स्वीकारलेला विचित्र संदेश हाच मग हल्लेखोराचा दरवाजा ठरतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने हजारो संगणक बंद पाडले, तेही ‘फिंगर’ सेवेला तिच्या अपेक्षेपेक्षा लांबलचक मजकूर पाठवून आणि ‘सेंडमेल’मधली उघडी राहिलेली सोय वापरून. त्यामुळे आज सुरक्षेचे जाणकार उलट सांगतात. नियमात न बसणारे निमूट स्वीकारू नका, नाकारा आणि त्याची नोंद ठेवा.

२८ जानेवारी १९९८ ला काय घडले?

१९९३ पासून डॉट कॉमसारख्या नावांची नोंदणी ‘नेटवर्क सोल्यूशन्स’ या अमेरिकी कंपनीकडे होती. सप्टेंबर १९९५ मध्ये नावांसाठी शुल्क सुरू झाले आणि नोंदवहीला बाजारभाव आला. आणखी उच्चस्तरीय नावे आणावीत, इतरांनाही नोंदणीची संधी द्यावी, असे पोस्टेल आणि अनेक तंत्रज्ञांचे मत होते. अमेरिकी सरकार मात्र सूत्रे आपल्याकडे ठेवून वेगळी व्यवस्था आखत होते.

रूटची अधिकृत यादी व्हर्जिनियातील नेटवर्क सोल्यूशन्सच्या ‘ए’ सर्व्हरवर असे आणि जगातले बाकीचे १२ रूट सर्व्हर तिची प्रत घेत. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी या १२ पैकी आठ सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक ई-मेल पाठवला. यापुढे प्रत आपल्या संस्थेतील संगणकावरून घ्यावी, अशी त्यात विनंती होती. आठही जणांनी ती मानली. त्यांच्याकडे कोणताही सरकारी आदेश नव्हता, सांगणारे पोस्टेल आहेत एवढे त्यांना पुरेसे होते. लष्कर आणि नासासारख्या सरकारी संस्थांचे सर्व्हर जुन्या जागीच राहिले.

सर्वसामान्यांना काहीच जाणवले नाही, कारण दोन्ही ठिकाणची यादी सारखीच होती. पण इंटरनेटच्या नावांचे मूळ काही काळ दोन ठिकाणी विभागले गेले होते. अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांच्यापर्यंत बातमी पोहोचताच सूत्रे हलली. ही केवळ चाचणी होती, असे पोस्टेल यांनी सांगितले आणि काही दिवसांत सर्व पूर्ववत केले. ती चाचणी होती की इशारा, यावर आजही दोन मते आहेत. सुरक्षेच्या दृष्टीने मात्र धडा स्पष्ट होता. पोस्टेल प्रामाणिक होते म्हणून काही बिघडले नाही. त्यांच्या नावाने दुसऱ्याच कोणी तसा मेल पाठवला असता तर? आणि तो मेल ज्या पद्धतीने गेला, त्यात तर पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नव्हती.

पोस्टेल यांच्यानंतर काय झाले?

एका माणसाच्या शब्दावर चालणारी व्यवस्था आता संस्थेकडे जायला हवी, हे पोस्टेल यांनाही मान्य होते. नव्या संस्थेच्या घटनेच्या मसुद्यांवर त्यांनी १९९८ चा उन्हाळा घालवला. ३० सप्टेंबर १९९८ रोजी ‘आयकॅन’ची कॅलिफोर्नियात नोंदणी झाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, १६ ऑक्टोबरला, हृदयाच्या झडपेवरील शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय होते ५५. जी संस्था त्यांच्या भरवशावर उभी राहायची होती, ती पहिल्याच महिन्यात त्यांच्याविना उरली. व्हिंट सर्फ यांनी मित्राला लिहिलेला श्रद्धांजलीपर लेख आरएफसी म्हणूनच प्रसिद्ध झाला. त्याचा क्रमांक २४६८.

आज किल्ल्या कोणाकडे आहेत?

आयानाचे काम आता आयकॅनच्या छत्राखाली चालते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकी सरकारची त्यावरची देखरेखही संपली. पोस्टेल यांच्या काळात कल्पनेतही नव्हती अशी नावे आता या यादीत आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेले देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे त्यांपैकीच एक. मराठीत संकेतस्थळाचा पत्ता लिहिता येतो तो त्यामुळे.

पण मोठा बदल झाला आहे तो विश्वास ठेवण्याच्या पद्धतीत. डीएनएसचे उत्तर खऱ्या सर्व्हरकडूनच आले का, हे पूर्वी पडताळता येत नव्हते. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी खोटी उत्तरे घुसवून वापरकर्त्याला भलत्याच ठिकाणी नेणे किती सोपे आहे हे दाखवले आणि जगभर धावपळ उडाली. जुलै २०१० पासून रूटच्या यादीवर डिजिटल स्वाक्षरी होते. ती स्वाक्षरी करणाऱ्या गुप्त किल्लीचा वापर कोणा एकाला करता येत नाही. अमेरिकेत दोन ठिकाणी, कॅलिफोर्नियातील एल सेगुंडो आणि व्हर्जिनियातील कल्पेपर येथे, ती तिजोऱ्यांमध्ये बंदिस्त असते. प्रत्येक ठिकाणासाठी वेगवेगळ्या देशांतले सात विश्वासू प्रतिनिधी नेमलेले आहेत आणि त्यांच्यापैकी किमान तिघे हजर असल्याशिवाय किल्ली चालू होत नाही. साधारण दर तीन महिन्यांनी होणारा हा सोहळा कॅमेऱ्यासमोर होतो आणि इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो.

यातले एल सेगुंडो हे ठिकाण मरिना डेल रेपासून काही किलोमीटरवर आहे. पोस्टेल यांचे ऑफिस तिथेच होते. पूर्वी त्यांचा एक मेल पुरत असे, तिथे आता तिजोरी, साक्षीदार, कॅमेरे आणि तीन अनोळखी माणसांची एकाच वेळची हजेरी लागते.